क्वचित प्रसंग वगळता

ज्या खेळाची पहिलीच शर्यत निकाल फिरवून संपली, त्या खेळाच्या चाहत्यांनी पंचांवर विश्वास ठेवावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे. १९ जून १९४९. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं शार्लट. पाऊण मैलाचा मातीचा ट्रॅक. जेमतेम सव्वा वर्षाच्या 'नॅसकार' या संस्थेनं दुकानातून घेतलेल्या साध्या गाड्यांची शर्यत भरवली होती. गाडी कारखान्यातून आली तशीच पळवायची, ही मुख्य अट. ग्लेन डनअवे तीन फेऱ्यांच्या फरकानं पहिला आला. मग तपासनीस गाडीखाली शिरले आणि मागच्या कमानपाट्यांची ठेवण बदललेली आहे असं सांगत बाहेर आले. त्या मुलखात ही क्लृप्ती पोराटोरांनाही ठाऊक होती. हातभट्टीची दारू भरून डोंगररस्त्यांनी पोलिसांना गुंगारा द्यायचा, तर ओझ्यानं गाडीचा मागचा भाग बसून चालत नाही. ही गाडी त्याच आठवड्यात तसली एक खेप टाकून आली होती, असं सांगतात. डनअवे बाद झाला आणि कॅन्ससहून आलेला जिम रोपर विजेता ठरला. गाडीच्या मालकानं दहा हजार डॉलरचा दावा ठोकला आणि न्यायाधीशांनी तो फेटाळला.

म्हणजे पहिल्याच प्रयोगात सगळी पात्रं रंगमंचावर हजर होती: जिंकूनही हरलेला, हरूनही जिंकलेला, गाडीखालचा तपासनीस, कोर्टात गेलेला मालक आणि 'बाकीच्या गाड्या तरी कुठं धुतल्या तांदळाच्या होत्या' असं म्हणणारा प्रेक्षक. पाऊणशे वर्षं झाली, नाटक हाऊसफुल आहे.

मी शार्लटजवळ राहतो. इथल्या मराठी माणसांना बहुतेक बँकांच्या संगणक खात्यांनी आणलं. आल्यावर कळतं, की शेजारच्या मूर्सव्हिल आणि काँकर्ड या गावांच्या आसपास या शर्यतींच्या बहुतेक संघांची गॅरेजेस आहेत आणि किराण्याच्या रांगेत आपल्यापुढं उभा असलेला पोरगा रविवारी टीव्हीवर टायर बदलताना दिसतो. आमचे शेजारी निवृत्त मेकॅनिक. डेल अर्नहार्टचे भक्त, म्हणजेच ३ नंबरचे. अर्नहार्ट २००१ साली डेटोनाच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत अपघातात गेला, पण शेजाऱ्यांच्या टोपीवर, ट्रकच्या मागच्या काचेवर आणि पत्रपेटीवर ३ अजून शाबूत आहे. सोमवारी संध्याकाळी ते कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला आणून ठेवतात आणि तिथंच उभे राहून कीर्तन लावतात. पूर्वरंगात काल काय अन्याय झाला ते, उत्तररंगात दृष्टांत म्हणून जुनी प्रकरणं, साल-वारासकट. मी टाळकऱ्यासारखा 'हो का' म्हणत उभा.

सुरुवातीला मी त्यांना विचारलं होतं, नुसतं गोल गोल फिरायचं, त्यात पंचाला काम काय? त्यांनी माझ्याकडे ज्या दयेनं पाहिलं, त्या दयेनं मी कधी काळी 'पाच दिवस खेळून निकाल लागत नाही?' असं विचारणाऱ्या अमेरिकन माणसाकडे पाहिलं होतं.

पंचाचं काम कळायचं तर पिवळं निशाण कळायला हवं. ट्रॅकवर गाडी धडकली, तेल सांडलं, पत्रा पडला, की पिवळं निशाण लागतं. सगळ्या गाड्या वेग कमी करून पुढं संथ चालणाऱ्या पेस कारमागं रांगेत येतात. सुरक्षेसाठी ते हवंच. पण रांगेत येताना पहिल्यानं तासभर राबून मिळवलेली आघाडी पाण्यात जाते. दुसरा, तिसरा, दहावा सगळे त्याच्या पाठीला चिकटतात, आणि हिरवं निशाण पडलं की शर्यत जणू नव्यानं सुरू. वर टॉवरमध्ये बसलेल्या माणसाच्या बोटाखाली एवढी ताकद आहे. निशाणाचा तो पिवळा दिवा कधी लावायचा, हे तिथल्या तिथं त्यानंच ठरवायचं.

यावरचे शेजाऱ्यांचे दोन दृष्टांत ऐकण्यासारखे आहेत. पहिला २००७ चा. डेटोना ५००, शेवटची फेरी. मार्क मार्टिन आणि केव्हिन हार्विक दाराला दार लावून रेषेकडे येताहेत आणि मागं गाड्या एकमेकींवर चढताहेत. पिवळं निशाण आलंच नाही. हार्विक ०.०२० सेकंदानं जिंकला. क्लिंट बोयर या गड्याची गाडी टपावर उलटी होऊन, पेटलेल्या अवस्थेत घसरत रेषेपार गेली आणि त्याला अठरावा क्रमांक मिळाला. निशाण वेळेवर पडलं असतं तर त्या क्षणी पुढं असलेला मार्टिन जिंकला असता, असं त्याचे लोक अजून म्हणतात. मार्टिनला डेटोना ५०० पुढंही कधी जिंकता आली नाही.

दुसरा दृष्टांत मे २०२२ चा, टेक्सासमधल्या ऑल-स्टार शर्यतीचा. बक्षीस दहा लाख डॉलर. रायन ब्लेनी एकटा पुढं, रेषा हाकेच्या अंतरावर. तेवढ्यात मागं कुठंतरी रिकी स्टेनहाउसची गाडी भिंतीला घासली आणि पिवळा दिवा लागला. ही शर्यत हिरव्या निशाणाखालीच संपवायची असा नियम, म्हणून जिंकलेली शर्यत पुन्हा जिंकायची पाळी. दरम्यान ब्लेनीनं आनंदाच्या भरात खिडकीची सुरक्षाजाळी सोडली होती. हातमोजे घालून, पट्ट्यांनी जखडलेल्या अवस्थेत ती परत अडकवणं म्हणजे बोहल्यावर उभं राहून सुईत दोरा ओवणं. जाळी पक्की नसेल तर गाडी आत, म्हणजे दुरुस्तीच्या पिटमध्ये, बोलवायला हवी. पण घोळ मुळात अधिकाऱ्यांचाच. आता त्याला बोलावणार कोणत्या तोंडानं? जाळी नीट बसलेली नाही असं खात्रीनं म्हणता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. ब्लेनी पुन्हा जिंकला. दुसऱ्या आलेल्या डेनी हॅम्लिनला जाळीचा नियम अर्थातच तोंडपाठ होता. निशाण घाईनं लागलं, हे अधिकाऱ्यांनी नंतर मान्य केलं.

एकीकडे पेटलेली गाडी उलटी रेषा ओलांडते तरी दिवा लागत नाही, दुसरीकडे एक गाडी भिंतीला खांदा लावते आणि दहा लाखांचा खोळंबा होतो. प्रत्येक प्रकरण सुटं पाहिलं तर टॉवरमधल्या माणसाची बाजू समजू शकते. शेवटच्या फेरीत निशाण रोखावं असं वाटणारच, आणि कुणी इजा होऊन पडलं असेल म्हणून लगेच लावावं असंही वाटणारच. पंचाईत अशी, की चाहता कुठलंच प्रकरण सुटं पाहत नाही.

आणि मग कचऱ्याची निशाणं. ट्रॅकवर काहीतरी पडलंय, म्हणून पिवळा दिवा. काय पडलंय ते कॅमेऱ्याला सापडत नाही, समालोचकांना दिसत नाही, स्टँडमधल्या हजारोंपैकी एकालाही दिसत नाही; टॉवरमधून मात्र लख्ख दिसतं. हा कचरा शर्यत कंटाळवाणी झाली की जास्त पडतो, अशी चाहत्यांची पक्की समजूत. टोनी स्टुअर्ट या खुद्द शर्यतपटूनं २००७ साली रेडिओवर ही शंका बोलून दाखवली आणि संस्थेची तुलना ठरवून केलेल्या टीव्हीवरच्या कुस्त्यांशी केली. २०१७ पासून संस्थेनं शर्यतीचे टप्पेच पाडले. टप्पा संपला की पिवळं निशाण ठरलेलं. गूढ कचरा तेव्हापासून बराच कमी झाला. शेजारी याला पुरावा मानतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, कारण मलाही तो पुरावाच वाटतो.

हे चाहते इतके तयारीचे कसे, याचं कारण संस्थेनंच त्यांच्या हातात दिलं आहे. शर्यतीला गेलं की भाड्यानं स्कॅनर मिळतो. कानाला लावायचा आणि कुठल्याही चालकाचं त्याच्या चमूशी चाललेलं बोलणं ऐकायचं. आपल्याकडे कर्णधार आणि गोलंदाज काय बोलले ते ओठांच्या हालचालींवरून ताडावं लागतं. इथं शिव्यांसकट सगळं थेट. ज्या खेळानं साक्षीदारांच्या कानाला असं यंत्र लावून दिलं, त्यानं साक्ष दिल्याबद्दल तक्रार करू नये.

रिचमंडचं २०१३ चं प्रकरण असंच चव्हाट्यावर आलं. मोसमाच्या अंतिम टप्प्यासाठी पात्र ठरवणारी ती शेवटची शर्यत. सात फेऱ्या उरलेल्या, रायन न्यूमन पुढं. तो जिंकला तर आत आणि मायकल वॉल्ट्रिपच्या संघातला मार्टिन ट्रुएक्स बाहेर. तेवढ्यात ट्रुएक्सच्या संघातल्या क्लिंट बोयरची (हो, तोच पेटलेला) गाडी आपोआप गरकन फिरली. त्याच्या आधी रेडिओवर त्याला विचारण्यात आलं होतं की हात दुखतोय का, आणि सांगण्यात आलं होतं की खाजव. ताशी शंभर मैलांच्या वेगात चालकाच्या हाताच्या खाजेची चौकशी करणारा संघ किती मायाळू असेल! पिवळं निशाण लागलं, क्रम उलटला, ट्रुएक्स आत गेला. मग त्या खाजेचं ध्वनिमुद्रण देशभर वाजलं. संस्थेनं संघाला तीन लाख डॉलर दंड केला, पन्नास-पन्नास गुण कापले, ट्रुएक्सला काढून न्यूमनला घेतलं. मात्र बोयर मुद्दाम फिरला असं काही सिद्ध झालं नाही. शिक्षा झाली ती दुसऱ्या एका चालकाला विनाकारण पिटमध्ये बोलावल्याबद्दल. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून आणखी काही दिवसांनी जेफ गॉर्डनलाही आत घेतलं. बारा जणांच्या पंगतीत तेरावं पान. शेजाऱ्यांचं म्हणणं, खाज एकाला सुटली, पण खाजवलं सगळ्यांनी.

नियमपुस्तक बरीच वर्षं सर्वसामान्य चाहत्याच्या हाती पडत नसे. त्यात दोन गोष्टी अशा होत्या, की बाकीचं पुस्तक नसतं तरी चाललं असतं. एक, 'स्टॉक कार रेसिंगला हानिकारक कृत्य' हे कलम. यात काय बसतं? जे बसवायचं ते. दुसरी गोष्ट म्हणजे अधूनमधून पेरलेली 'क्वचित प्रसंग वगळता' ही पुस्ती. आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या नियमांतसुद्धा इतका मोकळेपणा नाही. २००४ साली डेल अर्नहार्टचा मुलगा टॅलाडेगाला जिंकला आणि मुलाखतीत त्याच्या तोंडून एक शिवी निसटली. दंड दहा हजार डॉलर, गुण पंचवीस वजा, आणि अजिंक्यपदाच्या यादीतला पहिला क्रमांक गेला. २००९ साली कार्ल लाँग या फाटक्या खिशाच्या चालकाचं इंजिन मर्यादेपेक्षा मोठं निघालं. मर्यादा ३५८ घनइंच, त्याचं भरलं ३५८.१७. दंड दोन लाख डॉलर! आणि जाणूनबुजून दुसऱ्याला ठोकणाऱ्यांचं? २०१० च्या आरंभी संस्थेनं जाहीर केलं होतं, की पोरांनी आपापसांत काय ते बघून घ्यावं. दोनच महिन्यांत कार्ल एडवर्ड्सनं अटलांटात ब्रॅड केसलाउस्कीची गाडी हवेत उडवली. त्याला तीन शर्यतींपुरती 'नजर ठेवू' अशी समज मिळाली. २०१५ मध्ये मॅट केन्सेथनं मार्टिन्सव्हिलला जोई लोगानोला भिंतीत घातलं, तेव्हा दोन शर्यतींची बंदी. २०२२ मध्ये बबा वॉलेसला एका शर्यतीची. किराणा दुकानातला भाव तरी बरा, फळीवर लिहिलेला असतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे: नॅसकार ही एका घराची संस्था आहे. बिल फ्रान्स यांनी १९४७ च्या डिसेंबरात डेटोना बीचवरच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात बैठक घेतली, १९४८ च्या फेब्रुवारीत ती नोंदवली, आणि तेव्हापासून ती फ्रान्स घराण्यातच आहे. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे, नातवाकडून काकाकडे. थोरल्या फ्रान्सचा न्याय घरच्या कर्त्या पुरुषाचा होता. १९६१ साली कर्टिस टर्नर आणि टिम फ्लॉक यांनी चालकांची कामगार संघटना काढायचा घाट घातला, तेव्हा दोघांना आजन्म बंदी. टर्नरचा तो जन्म १९६५ साली संपला. गाड्यांचे मोठे कारखाने रुसले होते, प्रेक्षक घटत होते, नावाजलेला चालक हवा होता. बंदी उठली आणि त्याच वर्षी टर्नर रॉकिंगहॅमला जिंकलाही. घरातून हाकलून दिलेल्या मुलाला दिवाळीला परत बोलावतात, तसं. त्यात कायदा नाही, पण ऊब आहे, असं म्हणता येईल.

ऊब घरातल्यांना. जो घरचा धरला जात नाही, त्याच्यासाठी हाच न्याय कसा असतो ते वेंडेल स्कॉट यांनी पाहिलं. १ डिसेंबर १९६३, फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल. स्कॉट हे कृष्णवर्णीय चालक, स्वतःची गाडी स्वतःच दुरुस्त करून आणणारे. ते सगळ्यांच्या पुढं होते, पण विजयाचं चौकड्यांचं निशाण पडलं ते बक बेकरसाठी. सोहळा झाला, करंडक बेकरला मिळाला. काही तासांनी, माणसं पांगल्यावर, मोजणीत चूक झाली आणि स्कॉट दोन फेऱ्यांनी पुढं होते असं कबूल करण्यात आलं. त्या काळात दक्षिणेत विजेत्याच्या व्यासपीठावर गोरी तरुणी करंडक द्यायची, आणि तिच्या शेजारी स्कॉट उभे राहू नयेत म्हणूनच ही चूक झाली, असं पुष्कळांचं म्हणणं आहे. स्कॉट १९९० साली वारले. त्यांच्या कुटुंबाच्या हाती करंडक पडला तो २०२१ च्या ऑगस्टमध्ये, डेटोनाला. या प्रकरणावर शेजारी कीर्तन करत नाहीत. नुसती सालं सांगतात.

आता अपिलाची सोय आहे. तिघांचं मंडळ बसतं. त्याचा अनुभवही गोड आहे. मार्च २०२३, फिनिक्स. हेंड्रिक संघाच्या चारही गाड्यांवर बॉनेटमधून गरम हवा बाहेर सोडणाऱ्या झडपांशी केलेली छेडछाड पकडली गेली. त्याच तपासणीत तशीच छेडछाड कॉलिग संघाच्या एका गाडीवर. सगळ्यांना एकच शिक्षा: शंभर गुण वजा, गाडीमागं एक लाख डॉलर, मुख्य तंत्रज्ञाला चार शर्यतींची बंदी. इथवर समतेचं राज्य. हेंड्रिक अपिलात गेले, त्यांचे सगळे गुण परत मिळाले. आठवड्याभरात छोटा कॉलिग संघ आशेनं अपिलात गेला. मंडळावर माणसं वेगळी होती. पंचवीस गुण परत मिळाले, पंचाहत्तर गेले. मग संस्थेनं नियम बदलला, की मंडळानं शिक्षेचा एखादा भाग साफ पुसू नये. तो बदल झाला तेव्हा पुसून घेणारे पुसून घेऊन घरी पोहोचले होते.

पण नियम कसा फिरतो याचं उदाहरण द्यायचं तर मार्टिन्सव्हिलचं द्यावं. अर्ध्या मैलाचा, पेपरक्लिपसारखा अरुंद ट्रॅक. ३० ऑक्टोबर २०२२. अजिंक्यपदाच्या अंतिम चौघांत जायला रॉस चॅस्टेनला शेवटच्या फेरीत दोन जागा हव्या होत्या आणि त्या मिळण्याची शक्यता नव्हती. त्यानं शेवटच्या वळणात पाचवा गिअर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली, पाय दाबला आणि भिंतीच्या आधारानं सरपटत पाच गाड्या मागं टाकल्या. १८.८४५ सेकंदांची फेरी, त्या ट्रॅकवरचा विक्रम. हॅम्लिन बाहेर, चॅस्टेन आत. (हॅम्लिनचं नाव पुन्हा पुन्हा येतंय, त्याला माझा इलाज नाही.) जगभर तो व्हिडिओ फिरला, पुण्यातल्या माझ्या भाच्यानंही तो मला पाठवला. त्या हिवाळ्यात संस्थेनं सांगितलं, की असं पुन्हा केलं तर शिक्षा होईल, नवीन नियमाची गरज नाही, सुरक्षेचा जुना नियम पुरेसा आहे. म्हणजे नियम होता. तो त्या रविवारी सुट्टीवर होता.

तोच ट्रॅक, ३ नोव्हेंबर २०२४. अंतिम चौघांतल्या शेवटच्या जागेसाठी विल्यम बायरन आणि क्रिस्टोफर बेल, एका गुणाचा फरक. बायरन शेवर्लेचा, बेल टोयोटाचा. बायरनच्या मागं दोन शेवर्ले गाड्या जोडीनं चालल्या होत्या, आणि त्याला ओलांडायची त्यांना अजिबात घाई नव्हती. बेलच्या पुढची एक टोयोटा टायर बसल्याचं कारण सांगून एकाएकी मंदावली. बेलला जागा मिळाली, पण शेवटच्या वळणात त्याची गाडी घसरून भिंतीला लागली आणि भिंतीच्या कडेकडेनंच रेषेपर्यंत आली. तो म्हणाला, घसरलो. अधिकाऱ्यांनी बराच वेळ पडदे न्याहाळले आणि सांगितलं, भिंतीचा नियम मोडलास. बेल बाहेर, बायरन आत. दोन दिवसांनी त्या दोन शेवर्ले आणि त्या टोयोटाचे संघ व चालक यांना मिळून सहा लाख डॉलर दंड झाला. ज्यांच्या मदतीनं बायरन आत गेला होता त्यांना शिक्षा, आणि बायरन आतच. त्या दोन शेवर्लेंपैकी एक कोण चालवत होता? रॉस चॅस्टेन.

दुसऱ्या शेवर्लेचा नंबर ३ होता. इथं मला शेजाऱ्यांबद्दल थोडं बोलणं भाग आहे. अर्नहार्टचा तो नंबर आता ऑस्टिन डिलन चालवतो, संघमालक रिचर्ड चिल्ड्रेस यांचा नातू. याच डिलननं त्याच वर्षी ११ ऑगस्टला रिचमंडच्या शेवटच्या वळणात आधी लोगानोला उडवलं, मग मागच्या चाकाशी खेटून हॅम्लिनला (बघा) भिंतीत घातलं, आणि जिंकला. तीन दिवसांनी निकाल आला: विजय तुझा, करंडक तुझा, पण या विजयानं अंतिम टप्प्यात मिळणारा प्रवेश रद्द. अपील केलं, पुन्हा अपील केलं, उपयोग झाला नाही. जिंकलास हे खरं, पण जिंकल्यासारखं वागायचं नाही.

निकालानंतरच्या सोमवारी मी मुद्दाम कचऱ्याच्या डब्याजवळ जाऊन उभा राहिलो. इतकी वर्षं 'मुद्दाम ठोकणाऱ्याला घरी बसवा' असं मला पटवणारे शेजारी म्हणाले, शेवटच्या वळणात धक्का लागायचाच, त्याला रेसिंग म्हणतात. मी हळूच १९९९ चं ब्रिस्टॉल काढलं. शेवटच्या फेरीत अर्नहार्टनं टेरी लबॉन्टीला फिरवलं होतं, आणि वर म्हणाला होता की मला त्याला फक्त जरा हलवायचं होतं. शिक्षा शून्य, स्टँडमधून चाहत्यांनी मात्र हुर्यो केली. तोच तर मुद्दा, शेजारी उसळून म्हणाले: तेव्हा चाललं, मग आता का नाही? न्यायात सातत्य नको?

त्यांना सातत्यच हवंय, यात मला शंका नाही. सातत्यानं ३ नंबरच्या बाजूचं.

लोक म्हणतात, यंत्रं आणा. यंत्रं आली आहेत. पिटमधल्या चुका २०१५ पासून कॅमेरे टिपतात. शर्यतीआधी गाडीचं अंग प्रकाशाच्या ठिपक्यांनी तपासतात. जुलै २०२२ मध्ये पोकोनोला पहिला आणि दुसरा आलेल्या दोन्ही गाड्यांच्या नाकाडावर चिकटपट्टी जास्तीची सापडली, दोघे बाद झाले, आणि एकही फेरी पुढं नसलेला चेस एलियट घरबसल्या विजेता ठरला. बाद झालेल्यांत पहिला कोण, ते मी सांगत नाही, वाचकानं ओळखलं असेल. मे २०२४ मध्ये कॅन्ससला काइल लार्सन एक सहस्रांश सेकंदानं जिंकला आणि यंत्रानं ते बिनचूक सांगितलं. त्याबद्दल डब्याजवळ कुणी बोललंही नाही. जे मोजता येतं त्यावर भांडण पेटत नाही. भांडण 'मुद्दाम केलं का' यावर असतं, आणि हेतू मोजणारा कॅमेरा काँकर्डच्या नॅसकारच्या संशोधन केंद्रातही नाही.

अर्थात पूर्वी मोजता येणाऱ्या गोष्टींवरही भांडायची सोय होती. प्रत्येक गाडीमागं एक माणूस बसायचा, हातात कागद, पेन्सिल आणि समोर घड्याळ. आपली गाडी गेली की नोंद करायची. १९५९ च्या पहिल्या डेटोना ५०० मध्ये जॉनी बोचँप विजेता म्हणून जाहीर झाला, त्याचे फोटो निघाले, आणि तीन दिवस छायाचित्रं व चित्रफिती पाहून झाल्यावर विजेता बदलला: ली पेटी.

याच ली पेटींचं त्याच वर्षीच्या जूनमधलं एक प्रकरण मला फार आवडतं. अटलांटातला लेकवूड ट्रॅक. एकवीस वर्षांचा एक मुलगा आयुष्यातली पहिली शर्यत जिंकला. तो आनंद साजरा करत असतानाच दुसऱ्या आलेल्या चालकानं तक्रार नोंदवली, की मोजणी चुकली आहे, जिंकलो मी. कागद तपासले, तक्रार खरी निघाली, विजय काढून त्याला देण्यात आला. जिंकलेला मुलगा रिचर्ड पेटी. तक्रार करणारे त्याचे वडील.

रिचर्डला पहिल्या विजयासाठी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबावं लागलं. पुढं तो दोनशे शर्यती जिंकला, तिथवर आजतागायत कुणी पोहोचलेलं नाही, आणि लेकवूड त्या दोनशेत नाही. मी शेजाऱ्यांना विचारलं, यात तुम्ही कुणाच्या बाजूनं? ते ठामपणे लीच्या बाजूनं आहेत. फेऱ्या म्हणजे फेऱ्या, म्हणाले, त्यात पोरगा कोण आणि बाप कोण. मात्र त्या रात्री घरी गेल्यावर लीच्या बायकोनं जो निकाल दिला असेल, त्यावर अपील चाललं नसणार, हेही त्यांनी जोडलं.